जव्हारहून हरिहरेश्वर: सासूबाई, समुद्र आणि मधे काळूमामा

हरिहरेश्वराला जायचं मी ठरवलं नव्हतं. ते माझ्या सासूबाईंनी ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर मला न सांगता थेट देवाला सांगितलं होतं. मला ते वर्षभरानं कळलं, तेही काळूमामांच्या तोंडून.

काळूमामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. दोघं पोशेऱ्याला शेजारी शेजारी राहतात. मी गोविंदा, मूळचा जामसरचा, पण भात-नागलीत मन रमेना म्हणून जव्हारला येऊन शिवणकाम शिकलो आणि पेठेत दुकान टाकलं. माघ लागला होता. संस्थानच्या शिपायांच्या कोटांना काजं करत मी बसलो होतो, तेव्हा मामा दारात येऊन उभे राहिले. पाणी प्याले, माझ्याकडून विडी मागून घेतली, सावकाश ओढून संपवली आणि मग म्हणाले, "चला."

"कुठं?"

"दर्यावर. बायचा नवस हाय."

"मग त्यांनी जावं की."

"नवसात तुमी हाव."

सगळी हकिगत कळायला आणखी दोन विड्या लागल्या. आमची चंद्री जन्मली तेव्हा सासूबाईंनी माहेरच्या दैवताला, हरिहरेश्वरच्या काळभैरवाला, बोलून ठेवलं होतं की पोर वर्षाची झाली तर पोरीचा बाप आणि आजी मिळून समुद्राच्या कडेनं प्रदक्षिणा घालतील. चंद्री वर्षाची झाली. चालायलासुद्धा लागली. देवानं त्याचं काम केलं होतं, आता पाळी माझी होती.

मी सखूकडे, म्हणजे बायकोकडे पाहिलं. ती चंद्रीला पेज भरवत होती. "आईनं नवस बोलला तो उगाच नाही," एवढंच ती म्हणाली. त्यावर मी सुई खोचून ठेवली, कारण चंद्रीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता आणि तो तान्हा असतानाच तापानं गेला होता. तेव्हापासून सासूबाईंनी आमच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. मी सखूला डोंगरातून जव्हारच्या पेठेत आणलं, इथली हवा पोराला बाधली, असं त्यांच्या मनात असणार हे मी धरून चाललो होतो. विचारायची सोय नव्हती, कारण आमच्याकडे सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा, तोंड दुसरीकडे करायचं आणि जे काय सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं. जावयानंही तसंच.

आणि आमचा मधला माणूस होता काळूमामा.

जाणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. पावसाळ्यात आगबोटी बंद असतात, तेव्हा जायचं तर दिवाळीनंतर. आम्ही शिवरात्र धरून निघालो. मी माझ्या हातचा नवा कोट घातला. पितळी बटणं, कॉलरला दुहेरी टीप. जव्हारचा शिंपी परमुलखात चाललाय, लोकांनी बघायला नको?

जव्हार ते पोशेरा बैलगाडीला एक दिवस पुरतो. रस्ता लाल मातीचा, धुरळा इतका की संस्थानाची हद्द संपून इंग्रजी मुलूख कधी लागला ते कळलं नाही. दोन्हीकडची धूळ सारखीच. पोशेऱ्याला सासूबाई अंगणात तयार होत्या. डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात नागलीच्या भाकऱ्या, सुकी चटणी, हळदकुंकू आणि गावात कुणी सांगितलं होतं म्हणून एक कोयता. समुद्रावर कोयता कशाला, हे मी मामांकरवी विचारलं.

सासूबाई पाठ करून म्हणाल्या, "त्यांना सांग, जंगल असल तर?"

मामा माझ्याकडे वळले. "बाय म्हनते, खोडाळ्याला भजी खाऊ."

इथं वाचकाला एक गोष्ट कळायला हवी. आम्ही तिघं एकाच गाडीत, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून बसलो होतो. सासूबाई काय बोलल्या ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं, आणि मामांनी काय सांगितलं ते त्यांना. पण रीत अशी की तक्रारसुद्धा मामांकडेच करायची. सासूबाईंनी केली. मामा म्हणाले, "बाय म्हनते, मिरचीची पन घेऊ."

खोडाळ्याच्या बाजारात आम्ही भजी खाल्ली. उत्तम होती. दुपारच्या आधी जावं, नंतर तेल जळकं होतं.

खोडाळ्याहून विहिगावावरून उतरत कसाऱ्याला येईपर्यंत हाडं खिळखिळी होतात. उतारावर गाडीमागे लाकडाचा ओंडका बांधतात, त्याच्या ओझ्यानं गाडी बैलांच्या अंगावर जात नाही. मामांना वाटलं तो ओंडका आपल्याला बसायला आहे. एकदाच बसले.

कसाऱ्याला आम्ही आगगाडीत चढलो. सासूबाई पहिल्यांदाच गाडी बघत होत्या. घाबरतील म्हणून मी मामांकडून धीराचे चार शब्द पाठवले. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सांग त्यांना, बैलांपेक्षा बरी हाय. शेपटी मारत नाय."

ठाण्याच्या अलीकडे खाडी लागली. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, होड्या, मिठागरांचे पांढरे ढीग. सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "समुद्र!" म्हणाल्या, हात जोडले आणि खिडकीतून मूठभर हळदकुंकू बाहेर उधळलं. वारा आत येत होता. समोरच्या बाकावर एक टोपीवाले गृहस्थ पांढरं शुभ्र धोतर नेसून बसले होते. ते नंतर तसे राहिले नाहीत.

"अहो, ही खाडी आहे, खाडी!" ते ओरडले.

मामांनी माझा कोट ओढला. "पानी खारट हाय ना? मंग झाला नवस. पुढल्या ठेसनाला उतरून परत जाऊ."

सासूबाईंनी भावाकडे नुसतं पाहिलं. मामा खाली बसले.

मुंबईबद्दल मी फार लिहीत नाही. मशीद बंदराजवळच्या धर्मशाळेत पाठ टेकली. ढेकूण भरपूर. सकाळी भाऊच्या धक्क्यावर गेलो आणि श्रीवर्धनची तिकिटं काढून आगबोटीच्या खालच्या दर्जाच्या डेकवर जागा धरली. जागा धरायची ती मधोमध धरावी, टोकाला नाही. हे मला नंतर एका खलाशानं सांगितलं, तेव्हा मी टोकाला कठड्यावर ओणवा होतो.

बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा मी कोटाची बटणं लावून ताठ उभा होतो. एका माणसाला तर मी जव्हारचा राजवाडा कसा आहे ते सांगत होतो. राजवाड्याच्या जिन्यापर्यंत आलो आणि कठड्यावर ओणवा झालो. त्यानंतर राजवाडा राहिला. पाठोपाठ काळूमामा आडवे झाले. त्यांच्या पोटातून खोडाळ्याची भजी बाहेर आली असं मी म्हणणार नाही, कारण त्याला तीन दिवस झाले होते, पण त्यांचं स्वतःचं म्हणणं तसंच होतं.

सासूबाईंना काही म्हणजे काही झालं नाही. त्या गाठोडं सोडून चटणी-भाकरी खात होत्या. आता अडचण अशी झाली की आम्ही दोघं आडवे, मधला माणूस निकामी आणि मला पाणी हवं होतं. मी डोळे मिटून म्हणालो, "मामा, पाणी." मामा कण्हले. थोड्या वेळानं सासूबाई समोरच्या दोरखंडाच्या वेटोळ्याकडे बघून म्हणाल्या, "ज्याला मळमळतंय त्यानं बसू नये, आडवं व्हावं. आनी आवळकाठी तोंडात धरावी. डाव्या हाताला ठेवली हाय."

डाव्या हाताला खरंच आवळकाठी होती, शेजारी पाण्याचा तांब्या.

मीही त्या दोरखंडालाच म्हणालो, "उपकार झाले."

दोन खलाशी जवळच उभे होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "आपल्या दोराला आज लई मान हाय रे."

श्रीवर्धनला बोट किनाऱ्याला लागत नाही. लांब उभी राहते, मग होडीत उतरायचं आणि होडीतून उथळ पाण्यात. तिथं खलाशी माणसांना खांद्यावर घेऊन वाळूत नेऊन ठेवतात. एकानं मला पोत्यासारखं उचललं. मी विरोध केला नाही, तेवढं बळ नव्हतं. दुसरा सासूबाईंपुढे वाकला तेव्हा त्या मागे सरल्या. "मेल्या, तुझ्या आईएवढी हाय मी," असं म्हणून त्यांनी लुगडं वर खोचलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि कंबरभर पाण्यातून चालत गेल्या, जशा घरामागची नदी ओलांडत असतील. मध्येच थांबून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मग माझ्याकडे न बघता मोठ्यानं म्हणाल्या, "खरंच हाय. खारट."

श्रीवर्धन ते हरिहरेश्वर पुन्हा बैलगाडी. भाडं आधी ठरवून घ्यावं. वाट मात्र फार देखणी, नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच झाडांमधून निळं पाणी. आमच्याकडे सागाची पानं माघात गळून जातात आणि डोंगर उघडा पडतो. इथं सगळं हिरवं. सासूबाई मान वळवून वळवून बघत होत्या. कोयता त्यांनी गाठोड्यात खाली सरकवला.

हरिहरेश्वरला आम्ही देवळाच्या गुरवाच्या पडवीत उतरलो. गुरवीणकाकू भारी बोलक्या. जेवायला भात, कुळथाचं पिठलं, सोलाची कढी, नारळाची चटणी, नारळ घातलेली भाजी आणि शेवटी नारळाचा गोड रस. तिथं नारळ नसलेली एकच वस्तू मला दिसली, ती म्हणजे तंबाखू. मामा बोटीतलं सगळं भरून काढत होते.

आमचं उरकलं तरी मामा जेवतच होते, तेव्हा काकूंनी सांगितलं. सासूबाई तेव्हा मागच्या विहिरीवर हातपाय धूत होत्या आणि मी पडवीत कोटावरची हळद झटकत होतो. ऐकायला एकटे मामा. काकूंनी जे सांगितलं ते, मागाहून कळलं, असं: "उद्या शिवरात्र. उधाणाचे दिवस आहेत. उजाडताच प्रदक्षिणेला जा. ऊन वर आलं की पाणी चढतं."

मामांनी आम्हाला जे सांगितलं ते असं: "सकाळची घाई नाय. ऊन वर येऊ दे. तवा पानी चढतं."

मामांनी या खेपेला काही मुद्दाम केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आमच्या डोंगरात पाणी चढणं म्हणजे चांगलीच गोष्ट. विहिरीला पाणी चढलं तर बायका आनंदानं ओरडतात. भरती आणि ओहोटी हे शब्द आम्ही ऐकलेले, पण ऐकलेले म्हणजे कुणाच्या तरी लग्नात ऐकलेले. मी म्हणालो, "बरंच झालं. पाणी वर असलं म्हणजे आंघोळीला खाली उतरायला नको."

शिवरात्रीला सकाळी सावकाश उठलो. सासूबाईंची घालमेल चालली होती, पण मामा म्हणाले काकूंनीच सांगितलंय. आणि काकू पहाटेपासून देवळात गुंतल्या होत्या. रीत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग पुन्हा काळभैरवाचं. गर्दी होती, त्यात आणखी वेळ गेला. ऊन चांगलं चटकायला लागल्यावर आम्ही देवळामागच्या टेकडीवर चढलो.

वरून समुद्र पूर्ण दिसला. मी बोटीतून तो पाहिला होता म्हणा, पण ओणवा राहून. उभं राहून आत्ताच बघत होतो. त्याचं वर्णन मला येत नाही. एवढं कापड एकसंध, कुठं जोड नाही.

टेकडीवरून दोन उंच खडकांच्या फटीतून पायऱ्या थेट पाण्याकडे उतरतात. वर येणाऱ्या लोकांची रीघ लागली होती, खाली जाणारे फक्त आम्ही. एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत थांबले. "आता कुठं निघालात?"

"प्रदक्षिणेला," मामा म्हणाले.

"अहो, पाणी भरतंय!"

"भरू द्या की," मामा उदारपणे म्हणाले.

पायऱ्यांच्या तोंडाशी मामांनी खाली वाकून पाहिलं. लाट खडकावर आपटून फुटली तसे ते दोन पायऱ्या मागे आले. "नवसात मी नाय," म्हणाले आणि सावलीत बसले.

म्हणून सासूबाई आणि मी, दोघंच उतरलो.

खाली गेल्यावर उजव्या हाताला टेकडीचा उभा कडा, डाव्या हाताला समुद्र आणि मधून खडकाची वाट. त्या खडकाला भोकं भोकं पडलेली आहेत, मधाच्या पोळ्यासारखी. कुठं कुंडं आहेत, त्यांना तीर्थं म्हणतात. प्रत्येक कुंडापाशी सासूबाई बसत, हळदकुंकू वाहत, चंद्रीचं नाव घेत. मी चार पावलं मागे. पाणी पायाला लागायला लागलं होतं. आधी मला ते आवडलं. मग ते घोट्यापर्यंत आलं, परत गेलं आणि पुन्हा आलं ते नडगीपर्यंत.

एका खेकड्याकडे बघत मी म्हणालो, "जरा लवकर आटपावं असं वाटतं."

"देवाच्या कामात घाई कशाची," सासूबाईंनी कड्याला सांगितलं.

मी मागे वळून पाहिलं. आम्ही उतरलो होतो त्या पायऱ्यांचं तोंड दिसेना. तिथं पांढरा फेस होता. पुढे पाहिलं, तिथंही तेच. आणि तेवढ्यात ती लाट आली.

मी तिला येताना पाहिलं नाही. पाय सुटले एवढं कळलं. नाकातोंडात खारट पाणी, पाठीखाली खडक, मग खडकही नाही. आपण मागे ओढले जातोय हे कळत होतं आणि हाताला काहीच लागत नव्हतं. मग मानेला जोराचा हिसका बसला. कॉलर. कुणीतरी माझी कॉलर धरली होती.

"गोविंदा! ऊठ मेल्या! पाय टाक! पाय टाक म्हनते ना!"

मी पाय टाकला. पुढची लाट यायच्या आत सासूबाईंनी मला कड्याकडे फरफटत नेलं आणि एका उंच पायरीसारख्या खडकावर ढकललं. मग मी हात देऊन त्यांना वर घेतलं. आणखी वर एक कपार होती, तिथं चढलो. खाली आम्ही जिथं उभे होतो तिथं आता माणूस बुडेल एवढं पाणी उसळत होतं.

आधी सांगितलंच आहे, कॉलरला दुहेरी टीप होती. तिचे वेगळे पैसे कुठलंच गिऱ्हाईक देत नाही, आणि आमच्या उस्तादांनी शिकवलं होतं म्हणून मी ती घालत असे. बटणं पाचही गेली. कॉलर राहिली.

आम्ही दोघं धापा टाकत बसलो. सासूबाईंचा पदर कुठल्या कुठे गेला होता. पांढरे केस गालाला चिकटले होते. पाच वर्षांत मी त्यांचं तोंड पहिल्यांदा समोरून पाहत होतो. सखूचंच नाक.

"लागलं काय?" त्या म्हणाल्या. मलाच. खेकड्याला नाही, कड्याला नाही.

"नाही, आई."

मग एकदम त्या रडायला लागल्या. मला वाटलं भीतीनं. पण त्या म्हणाल्या, "एक गेला तवा घुटी मीच दिली व्हती. तापावर म्हनून. माझ्या आईनं मला दिलेली तीच घुटी. सकाळी पोर गेलं. तुमी काय बोलला नाय. एक सबूद बोलला नाय मला."

मी म्हणालो, "मी कसा बोलणार होतो? आपण बोलतच नाही."

"काळूकडं तरी सांगून पाठवायचं, घुटीनं नाय गेलं म्हनून."

"घुटी दिली होती हेच मला ठाऊक नव्हतं. ताप आदल्या दिवशीच डोक्यात गेला होता. वैद्य तेव्हाच म्हणाले होते, पोर राहत नाही. सखूला मी सांगितलं नाही. आणि मला वाटत होतं, मी तिला जव्हारला आणलं म्हणून तुम्ही माझ्यावर रागावलात. म्हणून तुम्ही येत नाही."

"कोन म्हनालं?"

"कुणीच नाही."

सासूबाईंनी डोळे पुसले. "वैद्य खरंच असं म्हनाले?"

"खरंच."

"आधल्या दिवशी?"

"आदल्या दिवशी."

हे त्यांनी मला आणखी दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा तेच सांगितलं.

एवढ्यात वरून आवाज आला. कड्याच्या माथ्यावर माणसं जमली होती आणि त्यांच्या पुढे काळूमामा छाती बडवत होते. आम्ही कपारीत असल्यामुळे त्यांना दिसत नव्हतो, पण त्यांचा शब्द न् शब्द खाली येत होता.

"भैरवा! माझी बाय गेली रे! जावई गेला रे! देवा, ती दोघं वाचली तर बोकड देईन!"

गुरवाचा आवाज आला, "इथं बोकड चालत नाही."

"मंग कोहळा देईन! बाय तंबाखू सोडील! जावई विडी सोडील!"

सासूबाई ताठ झाल्या. "काय म्हनतो हा मेला?"

"जावई देवळाला कनात शिवून देईल! दर साली शिवरात्रीला दोघं अशीच प्रदक्षिना घालतील! बाय पायांत चपला घालनार नाय!"

"ए काळ्या!" सासूबाई अशा ओरडल्या की माझ्या कानठळ्या बसल्या. "गप बस! जित्ती हाव आमी! आनखी एक नवस बोललास तर वर येऊन तंगडी मोडीन!"

वरून मामांचा आवाज आला, "देव पावला!"

गुरवानं डोकावून आम्हाला हेरलं आणि ओरडून सांगितलं, "तिथंच बसा! हलू नका! दुपारी पाणी उतरेल, मग या!"

तेव्हा आम्ही बसलो. शिवरात्रीचा उपास होता म्हणून खाण्याची चिंता नव्हती. कोट वाळत घातला. सासूबाईंनी एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं बोलायला सुरुवात केली. सखू लहानपणी किती हट्टी होती. माझ्या लग्नात भात कसा करपला होता. मी शिवलेली चोळी त्यांना काखेत कशी काचते. मग हलक्या आवाजात त्यांनी आमच्या मुलाचं नाव घेतलं. ते नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. तो हसायचा कसा ते त्यांनी सांगितलं, एका गालानं. मला ते आठवत नव्हतं. मग आठवलं.

दुपारी पाणी खरंच उतरायला लागलं. इंच इंच, आणि मग एकदम वाट मोकळी. पायऱ्या जवळ होत्या, मी तिकडे निघालो. सासूबाईंनी पुन्हा कॉलर धरली. "तिकडं कुठं? प्रदक्षिना पुरी नाय झाली."

आम्ही पुढे चालत जाऊन टेकडीला वळसा घातला आणि पलीकडच्या पुळणीवर निघालो. तिथून देवळात. काळभैरवापुढे काळूमामा नारळ घेऊन बसले होते. त्यांनी आधी बहिणीचे पाय धरले, मग माझे, मग चुकून गुरवाचे.

आता राहिला नव्या नवसांचा हिशेब. सासूबाईंचा तंबाखू, माझी विडी, कनात, चपला, दर साल प्रदक्षिणा. सगळं पोटभर रडत बोललेलं, पाच-पन्नास माणसांसमोर. गुरवानं विचार करून निवाडा दिला, "एकाच्या तोंडचा नवस दुसऱ्याला लागत नाही."

"मग मी इथं आलो तो कुणाच्या तोंडच्या..." मी सुरुवात केली. सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य पुरं केलं नाही. चांगल्या प्रवासात काही वाक्यं अर्धी ठेवावी लागतात.

मग त्या भावाकडे वळल्या. "आमच्याकडून सगळं सोडवलंस. तू काय सोडलंस?"

"मी समुद्र सोडला," मामा मनापासून म्हणाले.

पण समुद्रानं त्यांना सोडलं नव्हतं, कारण मुंबईला परत जायला तीच आगबोट. जाताना मी मधोमध जागा धरली. सासूबाई शेजारी बसून बोलत होत्या, थेट माझ्याशी. मुरूडपर्यंत बोलल्या, रेवसपर्यंत बोलल्या. मामांना काम उरलं नव्हतं. ते थोडे रुसले. ठाण्याच्या खाडीपाशी त्यांनी एकदा स्वतःहून मला सांगून पाहिलं, "बाय म्हनते..." "बाय काय म्हनते ते बाय म्हनल," सासूबाई म्हणाल्या. खोडाळ्याला मीच त्यांना भजी खाऊ घातली, मिरचीचीसुद्धा, तेव्हा कुठं कळी खुलली. खरं सांगायचं तर कसाऱ्यापासून पुढे, त्या चढावरच्या धक्क्यांत, चोळीच्या काखेचा विषय तिसऱ्यांदा निघाला तेव्हा मला जुन्या रीतीतही काही चांगलं होतं असं वाटून गेलं.

प्रदक्षिणेला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळ उजाडताच जा आणि पाण्याची वेळ तिथल्या दोन माणसांना वेगवेगळी विचारा. कोट नेऊ नका. नेलात तर चांगल्या शिंप्याकडून शिवून घ्या.

काय उरलं म्हणाल, तर पितळी बटणं गेली, त्यांच्या जागी मी हाडाची लावली. गुडघ्यावर एक वण आहे, पाऊस येणार असला की दुखतो. पाण्याचा मोठा आवाज झाला की अजून हात कॉलरकडे जातो. पोशेऱ्याहून परतताना सासूबाई आमच्या गाडीत चढल्या, जव्हारला येऊन महिनाभर राहिल्या आणि मुलाचं नाव घरात पुन्हा घेतलं जाऊ लागलं. सखू पहिल्यांदा ऐकून चुलीपाशी गेली आणि बराच वेळ पाठमोरी बसली. नंतर तीही घ्यायला लागली.

पण एक गोष्ट त्याआधीची, पोशेऱ्यातलीच सांगायची राहिली. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी सासूबाईंच्या अंगणात सगळा पाडा जमला. दर्या बघून आलेलं माणूस पाड्यात कुणी नव्हतं. मामांनी लाटेची उंची सांगितली, ती सागाच्या झाडाएवढी. मग बायकांनी सासूबाईंना विचारलं, "बाय, कसा असतो गं? लय मोठा?"

सासूबाई श्रीवर्धनपासून एक क्षण गप्प बसल्या नव्हत्या, पण आता त्यांनी आधी गाठोडं सोडून कोयता काढून ठेवला. मग म्हणाल्या, "मोठा हाय. आंगावर येतो. वाटतं आता काय राहत नाय. पन बाय, तो मागं सरतो. एवढा मोठा असून मागं सरतो."

शेजारची म्हातारी फटकन म्हणाली, "दर्या सरतो? आनी आमचा म्हातारा बघ, आखी जिनगानी वीतभर नाय सरला!"

अंगण हसून लोळायचं बाकी राहिलं. तिचा म्हातारा तिथंच ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं. हसणं विरलं, बायका पुन्हा लाटेकडे वळल्या. तेव्हा तो जरा खाकरला आणि हळूच एका अंगाला सरकला. भिंतीशी एका माणसापुरती जागा झाली. म्हातारी त्या जागेकडे बघत उभी राहिली, आणि मग जाऊन बसली.